लेटेक्सच्या गादीवर लोकरीचे कव्हर : घेण्यापूर्वी अंथरुणाचा थोडा इतिहास

"डॉक्टर, पाठीसाठी लेटेक्सची गादी घेतली. आता तिच्यावर लोकरीचे प्रोटेक्टर घाला असे दुकानदार म्हणतो. घालू का? आणि मुलाला दमा आहे, त्याला चालेल का?" अशा प्रश्नांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात देता येते. पण अंथरुणातला प्रत्येक थर कधी आणि कशासाठी आला हे कळले, तर तुमच्या घरासाठी काय योग्य हे तुम्हीच ठरवू शकाल. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

पहिली अडचण : ओल

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात अंथरुणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. निरोगी माणूस दिवसभरात श्वासातून आणि त्वचेतून किमान तीन पाइंट, म्हणजे सुमारे पावणेदोन लिटर ओल बाहेर टाकतो आणि त्यातली बरीचशी अंथरुणात मुरते, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या मोजमापानुसार घाम वगळता हा आकडा बराच कमी, दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर धरला जातो. पण मुद्दा बरोबरच होता. जंतूंचा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता, तरी ओलसर आणि वारा न लागलेली गादी रोग्याला घातक ठरते हे त्यांनी निरीक्षणातून ओळखले होते. लोखंडी पलंग, घोड्याच्या केसांची गादी आणि वर हलके लोकरी पांघरूण, अशी त्यांची शिफारस होती. हवा खेळती राहावी हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे हेच काम वेगळ्या पद्धतीने होत असे. कापसाची गादी उन्हात टाकायची, काठीने झोडपायची आणि कापूस बसला की पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा. गादीवर जुन्या लुगड्यांची गोधडी असायची, ती धुता यायची. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी पांघरायला आणि अंथरायलाही चाले. सांगर विणकर चिंचोक्याची खळ लावून ती विणत. आजीच्या काळी 'मॅट्रेस प्रोटेक्टर' हा शब्द नव्हता, पण गादीवर धुता किंवा वाळवता येईल असा थर हवा, ही समज होती.

रबर आधी गादीच्या वर आले

१८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी ग्लासगोत एका जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्था या द्रावकात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये लावायचे, अशी ती कृती होती. हे कापड उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि ही अडचण दूर झाली. मग रबरी कापड रुग्णालयांत पोचले. आजही आपल्या वॉर्डात रुग्णाच्या खाली घालायच्या रबरी शीटला 'मॅकिंटॉश'च म्हणतात. त्या स्कॉटिश गृहस्थाचे नाव आपल्या नर्स आणि मावशींच्या तोंडी अजून आहे.

या शीटने गादी वाचते, पण त्वचेला त्रास होतो. हवा जात नाही, घाम अडकतो, त्वचा भिजून मऊ पडते. म्हणून मॅकिंटॉशवर नेहमी सुती चादर घालतात. हा नियम तुमच्या घरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरलाही लागू आहे.

मग रबर गादीच्या आत गेले

रबराचे झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांतून तीन हजारांहूनही कमी रोपे उगवली. बहुतेक रोपे श्रीलंकेला गेली आणि आशियातल्या रबर लागवडीचा पाया घातला गेला. आज भारतातले सर्वाधिक रबर केरळात होते.

या झाडाचा चीक म्हणजे लेटेक्स. १९२९ साली बर्मिंगहॅमला डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत ई. ए. मर्फी आणि सहकाऱ्यांनी हा चीक फेसासारखा घुसळला, तो घट्ट केला, साच्यात ओतून भाजला आणि फोम तयार केला. आपल्याकडे कोणत्याही फोमच्या गादीला 'डनलॉपची गादी' म्हणायची सवय पडली, ती या नावावरूनच. पुढे टॅलाले पद्धत आली. तिच्यात साच्यातील हवा खेचून फेस फुलवतात, मग तो गोठवतात आणि नंतर भाजतात.

लेटेक्सच्या गादीत जी गोल भोके दिसतात ती हवेसाठी मुद्दाम पाडलेली असतात असे अनेकांना वाटते. खरे तर साच्यातल्या धातूच्या खिळ्यांमुळे ती पडतात. भाजताना उष्णता आतपर्यंत पोचावी म्हणून ते खिळे असतात. हवेचा फायदा मिळतो, पण तो जोडीला आलेला.

या गादीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. नैसर्गिक रबर उन्हात खराब होते. अतिनील किरण आणि प्राणवायू यांच्यामुळे ते कडक होते, त्याला भेगा पडतात आणि भुगा सुटतो. म्हणजे कापसाच्या गादीला ऊन दाखवण्याची आपली जुनी सवय इथे चालत नाही. उन्हाचे काम आता वरच्या थराकडे आले. गादीऐवजी तो काढून वाळवता यायला हवा. लोकरीच्या प्रोटेक्टरची खरी जागा ही आहे.

लोकर काय करते

लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. हवा कोरडी झाली की ती बाष्प सोडून देते. त्यामुळे घामाचा चिकटपणा कमी जाणवतो आणि ओल लेटेक्सपर्यंत कमी पोचते. ती सहज पेटही घेत नाही.

पण बाष्प शोषणे वेगळे आणि पाणी अडवणे वेगळे. चहाचे चार थेंब लोकर काही वेळ वर धरून ठेवेल. पूर्ण भरलेली लघवी ती अडवणार नाही. अंथरूण ओले करणारे मूल किंवा लघवीवर ताबा नसलेले वयस्कर माणूस घरात असेल, तर पातळ, बाष्प जाऊ देणारे जलरोधक कव्हर आणि त्यावर सुती चादर हाच उपाय.

'लोकर टोचते, म्हणजे मला ॲलर्जी आहे' हाही एक समज. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेतील मज्जातंतूंना टोचतात. बहुतेक वेळा खाज त्यामुळे येते, ॲलर्जीमुळे नव्हे. घोंगडी टोचते आणि मेरिनो लोकर टोचत नाही, याचे कारण तंतूंची जाडी. तरीही इसब (एक्झिमा) असलेल्यांनी लोकर थेट अंगाला लागू देऊ नये.

दुसरी अडचण : न दिसणारे पाहुणे

आता दम्याच्या प्रश्नाकडे येऊ. घरातल्या धुळीने दमा उठतो हे डॉक्टरांना १९२० च्या दशकात कळले होते, पण धुळीतले नेमके काय त्रास देते ते ठाऊक नव्हते. नेदरलँड्समधील लायडन इथे स्टॉर्म व्हॅन लिऊवेन यांनी दम्याच्या रुग्णांसाठी शुद्ध हवेच्या खास खोल्या बांधल्या आणि तिथे अनेकांना बरे वाटले. मग १९६४ मध्ये लायडनच्याच वूरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी उत्तर पुढे आणले : डर्मॅटोफॅगॉइडिस नावाचा, साधारण ०.३ मिलिमीटरचा कोळ्याच्या कुळातला जीव. आपण त्याला धुळीतला माइट म्हणतो. तो आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो आणि त्याच्या विष्ठेतली प्रथिने ॲलर्जी निर्माण करतात.

हा माइट पाणी पीत नाही, हवेतले बाष्प शोषून जगतो. म्हणून कोरड्या, उंच डोंगराळ प्रदेशात तो कमी आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत भरपूर. उबदार, किंचित ओलसर आणि कोंडा मिळेल अशी जागा त्याला हवी असते. अंथरुणात या तिन्ही गोष्टी मिळतात.

'लेटेक्समध्ये माइट होत नाहीत' ही जाहिरात तुम्ही वाचली असेल. आतल्या घट्ट फोममध्ये ते कमी शिरत असतीलही, पण गादी कसलीही असो, कोंडा तिच्या वरच्या थरात साठतो आणि माइटही तिथेच राहतात. तो थर लोकरीचा असेल तर? न्यूझीलंडमध्ये, जिथे मेंढीचे कातडे आणि लोकरीचे थर अंथरुणात सर्रास वापरतात, तिथल्या अभ्यासांत अशा अंथरुणात माइटचे ॲलर्जन जास्त आढळले आहे.

इथेच खरा पेच आहे. माइट मारायला अंथरूण सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुवावे लागते. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे होते. 'मशीनमध्ये धुता येते' असे लिहिलेली लोकरही सहसा कोमट पाण्यातच धुवायची असते.

ऊन थोडी मदत करते. ऑस्ट्रेलियात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कडक उन्हात टाकलेल्या गालिच्यांतले माइट मेलेले आढळले. पण मेलेल्या माइटचे ॲलर्जन तिथेच उरते. ते झटकून किंवा धुऊन काढावेच लागते.

कव्हरने दमा जातो का?

१९७० नंतर घट्ट विणीची कव्हरे आली. विणीतली छिद्रे सुमारे १० मायक्रॉनपेक्षा लहान असली की माइट आणि त्यांचे ॲलर्जन आत अडकते. यावर फार आशा होती. २००३ मध्ये ब्रिटनमधील १,१२२ प्रौढ दमारुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला : नुसत्या कव्हरने प्रौढांच्या दम्यात फरक पडला नाही. २०१७ मध्ये माइटची ॲलर्जी असलेल्या २८४ मुलांवरच्या अभ्यासात मात्र अशी कव्हरे वापरणाऱ्या गटात दमा बळावून रुग्णालय गाठावे लागलेल्या मुलांचे प्रमाण कमी दिसले.

यातून घ्यायचा बोध असा : मुलाला माइटची ॲलर्जी तपासणीत सिद्ध झाली असेल तर घट्ट विणीचे कव्हर उपयोगी ठरू शकते, पण ते इनहेलरच्या जागी नाही. महागडे कव्हर घेतले म्हणून रोजचा पंप बंद करू नका. दम्यात खरा धोका तिथे असतो.

मग तुमच्या घरी काय?

- ॲलर्जी, दमा नाही. घाम येतो, गादी जपायची आहे : पातळ, काढता येणारे लोकरी प्रोटेक्टर चांगले. वर सुती चादर घाला, चादर आठवड्याला धुवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लोकर झटकून उन्हात वाळवा.
- माइटची ॲलर्जी, दमा, सततची सर्दी : लोकर टाळा. गादी आणि उशी चहूबाजूंनी बंद करणारे, चेनचे, घट्ट विणीचे कव्हर घ्या. वरची सुती चादर आणि अभ्रे गरम पाण्यात धुवा.
- एक वर्षाखालील बाळ : बाळाला सपाट, टणक पृष्ठभागावर पाठीवर झोपवा. खाली मऊ, जाड लोकरीचा थर नको. श्वास कोंडण्याचा धोका असतो.
- रबराची ॲलर्जी : हातमोजे किंवा फुगे यांनी अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर लेटेक्सची गादी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा. अशा काही जणांना केळी, किवी, ॲव्होकॅडो यांचाही त्रास होतो. वरून लोकर घालणे हा त्यावरचा उपाय नाही.
- पलंग : खाली सलग प्लायवूड असेल तर ओल तळाशी साठून बुरशी धरते. फटी असलेल्या फळ्या बऱ्या. बॉक्स पलंग असेल तर गादी अधूनमधून सावलीत, पंख्याखाली उभी करून ठेवा.

एक शेवटची सूचना : डांबरगोळ्या

लोकरीला कसर लागते म्हणून प्रोटेक्टर किंवा घोंगडी डांबरगोळ्या घालून ठेवायची आपली पद्धत आहे. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. नुसत्या वासानेही, म्हणजे अशा कपड्यात गुंडाळल्यानेही हे घडलेले आहे. ही कमतरता आपल्याकडे अनेकांत असते आणि बहुधा कुणालाच माहीत नसते. त्यामुळे घरात नवजात बाळ असेल तर डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे, दुपटी किंवा अंथरूण त्याच्या जवळ आणू नका. लोकर नीट वाळवून, स्वच्छ करून घट्ट बंद पिशवीत ठेवली तरी कसरीपासून वाचते.

प्रोटेक्टर विकत घेताना दुकानदाराला एवढेच विचारा : हे कशाने धुवायचे, किती गरम पाण्यात, आणि वाळवायचे कसे? उत्तर तुमच्या घरातल्या माणसांच्या तब्येतीशी जुळत असेल, तरच पैसे द्या.