शॉक ट्यूबसाठी वायुमिश्रण कसे बनवतात?

शॉक ट्यूबमध्ये आघात तरंगाने वायू क्षणार्धात तापवतात आणि इंधन किती मायक्रोसेकंदांत पेटते ते मोजतात. मिश्रण चुकले की हा आकडाही चुकतो.

मिश्रण आंशिक दाबावरून ठरते. 1 टक्का इथेनॉल, 3 टक्के ऑक्सिजन आणि 96 टक्के आरगॉन हवे असल्यास निर्वात टाकीत आधी 10 टॉर इथेनॉलची वाफ सोडतात. मग 40 टॉरपर्यंत ऑक्सिजन आणि शेवटी 1000 टॉरपर्यंत आरगॉन भरतात. तापमान स्थिरावल्यावरच दाब नोंदवतात. वायू एकजीव होण्यासाठी मिश्रण काही तास तसेच ठेवतात.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने तिथे हवेचा दाब 760 नव्हे, साधारण 707 टॉर असतो. साध्या दाबमापकाच्या आकड्यात 760 मिळवल्यास 53 टॉरची चूक होते. ती इंधन आणि ऑक्सिजनच्या एकत्रित दाबाहून मोठी आहे. म्हणून निर्वातापासून दाब मोजणारे, निरपेक्ष दाबमापक वापरावे लागते.

इथेनॉलचा बाष्पदाब 20 अंश सेल्सिअसला सुमारे 44 टॉर असतो. 10 अंशांना, म्हणजे नाशिकच्या थंडीतल्या पहाटे, तो जवळपास निम्मा होतो. वाफेचा दाब त्याहून बराच कमी ठेवला नाही, तर वाफ टाकीतच द्रवरूप होते आणि मिश्रणात इंधन कमी पडते.