निमजचा शिपाई आणि सेनिओची संध्याकाळ

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून बंदिवान असलेल्या पंडित नेहरूंना मार्च 1945 च्या अखेरीस तेथून हलविण्यात आले. त्यास पंधरवडाही लोटला नव्हता, तोच ह्याच जिल्ह्यातील निमज गावच्या एका तेवीस वर्षांच्या शिपायाने, त्यांना कोंडून ठेवणाऱ्या सरकारचाच गणवेश घालून, इटलीत असामान्य पराक्रम गाजविला. ह्या विसंगतीमुळेच की काय, नामदेव जाधव यांचे नाव आमच्या सभासमारंभांतून मोकळेपणाने घेतले गेले नाही, असे आम्हांस वाटते. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो.

जाधव यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1921 चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत ते साधे शिपाई होते. काम रनरचे, कंपनी कमांडरचा हुकूम तुकड्यांपर्यंत पोचवावयाचा, एवढेच.

सेनिओ ही नदी रुंदीने फार मोठी नाही. आमच्या प्रवरेचे विस्तीर्ण पात्र पाहिलेल्यास ती ओढ्यासारखीच वाटावी. परंतु पुराचे पाणी शेतांत शिरू नये म्हणून तिच्या दोन्ही काठांना उंच मातीचे बांध घातलेले होते, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मशीनगनची ठाणी कोरली होती. सबंध हिवाळा दोन्ही सैन्ये तेथे समोरासमोर बसून होती. 9 एप्रिल 1945 रोजी आठव्या आर्मीची अखेरची चढाई सुरू झाली. आठवी हिंदी डिव्हिजन तिच्या आघाडीस होती. सायंकाळी विमानांचा व तोफांचा भडिमार संपताच मराठे पाण्यात उतरले.

कंपनी कमांडर, जाधव आणि त्यांच्या सोबतचे शिपाई पाण्यातून वर येतात न येतात, तोच निदान तीन ठाण्यांतून गोळ्यांचा मारा झाला. कंपनी कमांडर व दोघे सोबती जखमी झाले, आणि जाधव सोडून बाकीचे मारले गेले. जाधव यांना पुढे काय करावयाचे हे सांगणारा आता कोणी उरला नव्हता. त्यांनी त्या दोघा जखमी सोबत्यांपैकी एकेकास उचलून खोल पाण्यातून, बांधाच्या उभ्या चढावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेले. अशा दोन खेपा झाल्या. आमच्या मते, पुढील सर्व शौर्याहून ह्या दोन खेपाच थोर होत.

तिसऱ्यांदा मात्र ते शत्रूवर चालून गेले. पहिले ठाणे टॉमीगनने गारद केले. हाताला गोळी लागल्याने बंदूक चालविता येईना, तेव्हा ती फेकून हातबाँब घेतले. ते संपल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यापर्यंत जाऊन सोबत्यांकडून आणखी आणले, आणि उरलेली दोन ठाणीही उडविली. मग पूर्वेचा बांध थंडावला. तोफगोळे पडतच होते. तरी जाधव बांधावर उघडे उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत, उरलेल्या कंपन्यांना हात हलवून पलीकडे बोलावीत राहिले.

ह्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्याच वर्षी, 10 जुलै 1944 रोजी, त्यांच्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतील कुलाबा जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी इटलीतच प्राण वेचून हा मान मिळविला होता. जाधव परत आले. सेनिओच्या त्या संध्याकाळीनंतर तेविसाव्या दिवशी, 2 मे रोजी, इटलीतील जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेविली. जाधव पुढे हवालदार झाले आणि 1984 साली पुणे येथे निवर्तले.