नावातून गळलेली प्रसाविका

सरकारी कागदावर तिचे मूळ नाव लांबलचक होते: सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका. आज तिला आरोग्य सेविका म्हणतात आणि गावाच्या तोंडी ती नर्सबाईच आहे. या नामांतरात ‘प्रसाविका’ हा शब्द गळला आणि त्याच्या पाठोपाठ बाळंतपणे करण्याचे कामही मागे पडले. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात जेमतेम ७,००० परिचारिका होत्या; साधारण ४३,००० लोकांमागे एक. खेड्यातली बाळंतपणे सुइणीच्या हाती होती. पूर्ण शिकलेल्या परिचारिका तयार होईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून पन्नासच्या दशकाच्या आरंभी दोन वर्षांचा आटोपशीर अभ्यासक्रम निघाला. १९५२ पासून समाज विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. तिथे ही बाई गेली ती मुख्यतः माता आणि बालकांसाठी.

पुढे साठच्या दशकात कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे आली आणि वरून होणारी विचारपूस बदलली. किती बाळंतपणे सुखरूप झाली यापेक्षा नसबंदी शस्त्रक्रियेच्या किती ‘केसेस’ आणल्या, याला वजन आले. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने हिवताप, देवी, कुटुंब नियोजन यांच्या वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी सुचवले. एकाच उंबऱ्यावर चौघांनी चार कामांसाठी जाण्यापेक्षा हे शहाणपणाचेच होते, आणि लसीकरण वाडीवस्तीपर्यंत पोहोचले ते याच बाईच्या पायपिटीमुळे. पण कामे वाढत असताना १९७७ मध्ये प्रशिक्षण चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आले. तिचे प्रसूतीचे कौशल्य ओसरले असेल, तर तो दोष तिच्या माथी मारता येत नाही. शिकवणे कमी केले ते व्यवस्थेने आणि सराव तोडला तोही व्यवस्थेनेच.

यावर कोणी म्हणेल, बिघडले कुठे? २००५ नंतर जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले. हे यश खरे आहे, कारण रक्तस्राव आवरायला रक्त लागते आणि ते नर्सबाईच्या गावातल्या उपकेंद्रात नसते. मात्र बाळंतपण एका दिवसात उरकते. पंडुरोग, चढलेला रक्तदाब, बाळंतिणीचा ताप, दूध न ओढणारे बाळ हे सारे आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत, गावातच घडते. आशाताई ते पाहून निरोप देऊ शकते. तपासून निर्णय घ्यायला प्रसाविकेचे शिक्षण लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने परिचारिकांना दीड वर्षाचे खास प्रसूतिशिक्षण देण्याचे धोरण आखले, म्हणजे ही उणीव मान्यच केली. पण या नव्या प्रसाविकांची जागा ठरली ती गर्दीच्या रुग्णालयांतल्या प्रसूतिकक्षांत. पाच हजार वस्तीच्या, डोंगराळ भागात तीन हजारांच्या उपकेंद्रात मात्र तिच्या जुन्या जागी रजिस्टरेच आहेत.