मुंबईच्या कलाजीवनांत छायाचित्रकाराची जागा

एखाद्या शहरांत कलावंत किती झाले, हें आपण त्यांच्या कृतींवरून मोजतों. परंतु त्यांना उभें राहावयास जागा कोणी दिली, धडे कोणी दिले, त्यांचें काम कोणत्या भिंतीवर टांगलें गेलें, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. छायाचित्रणाच्या बाबतींत तर तो मांडणें अगत्याचें आहे. चित्रकाराला कागद, रंग आणि कुंचला घेऊन एकांतांत बसतां येतें. छायाचित्रकाराला मात्र आरंभापासूनच यंत्र हवें, रसायनें हवीं, अंधारी खोली हवी, आणि हें सर्व कसें वापरावें तें सांगणारा जाणता मनुष्य हवा. म्हणून या कलेचा मुंबईंतील इतिहास हा पुष्कळसा मंडळांचा, वर्गांचा आणि प्रदर्शनांचा इतिहास झाला आहे. त्यासंबंधीं आज चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

फ्रान्समध्यें दागेर याची कृति सन १८३९ मध्यें जाहीर झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची वार्ता मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आली. म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवण्यापूर्वीं चौदा वर्षें! तथापि वार्ता येणें निराळें आणि विद्या येणें निराळें. विद्येला आश्रय मिळाला तो १८५४ च्या ऑक्टोबर महिन्यांत. त्या महिन्यांत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. लंडनची अशीच संस्था १८५३ च्या जानेवारींत निघाली होती. मुंबईनें तिच्यामागून पुरीं दोन वर्षेंही जाऊं दिलीं नाहींत. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ सालच्या. या एका गोष्टींत तरी मुंबई राजधानीच्या पुढें होती.

संस्थेच्या सभासदांत कंपनी सरकारचे लष्करी व मुलकी अंमलदार आणि युरोपीय व्यापारी यांचाच भरणा होता हें खरें. परंतु पहिल्यापासून कांहीं एतद्देशीय गृहस्थही त्यांत होते. त्यांपैकीं दोन नांवें मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीं आहेत: डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधु डॉ. नारायण दाजी. भाऊंचा लौकिक वैद्य, समाजसुधारक आणि प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक म्हणून सर्वश्रुत आहे. नारायणरावांनीं स्वतः कॅमेरा हातीं धरला आणि नाना धंद्यांच्या व पंथांच्या लोकांचीं छायाचित्रें घेतलीं. हे दोघेही ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेले. मला यांत योगायोग दिसत नाहीं. त्या काळीं हें काम अर्धें रसायनशास्त्राचेंच होतें, आणि बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचून औषधें मिसळण्याची संवय असलेल्या माणसाला तें लवकर साधत असे.

तें काम किती कष्टाचें होतें याची कल्पना आजच्या पिढीला येणें कठीण. १८५१ मध्यें इंग्लंडांत आर्चर यानें कांचेवर चित्र घेण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तींत कांचेला प्रथम कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य लावावयाचें, मग ती अंधारांत चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवून चित्र घ्यावयाचें, आणि सुकण्यापूर्वींच परत अंधारांत नेऊन धुवावयाची. मुंबईच्या वैशाखांत ओली कांच किती वेळ ओली राहणार! शहराबाहेर जावयाचें तर काळ्या कापडाचा तंबू, पाण्याच्या पखाली आणि कांचांच्या पेट्या बैलगाडींत घालून न्याव्या लागत. म्हणून प्रवासांत कित्येक लोक कांचेऐवजीं मेण लावलेल्या कागदावर चित्र घेण्याची जुनी रीतच पसंत करीत. कागद आधीं तयार करून ठेवतां येई. मुंबई सरकारनें १८५५ मध्यें कॅप्टन बिग्ज यांस पश्चिम हिंदुस्थानांतील जुन्या इमारतींचीं व देवालयांचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमिलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते पलटणींत परतल्यावर डॉ. पिगू यांची नेमणूक झाली. छायाचित्रकार म्हणून सरकारी पगार मिळण्याचा हा आपल्या इलाख्यांतील आरंभ होय. येथेंही पुन्हां एक डॉक्टरच आहे, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल.

परंतु माझ्या मतें त्या दशकांतील सर्वांत मोलाची गोष्ट संस्था नव्हे आणि सरकारी नोकरीही नव्हे. ती म्हणजे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ च्या सुमारास निघालेला छायाचित्रणाचा वर्ग. संस्थेंत शिरावयाचें तर ओळख लागे, वर्गणी लागे, आणि स्वतःचें यंत्र विलायतेहून मागविण्याइतकी ऐपत लागे. वर्गांत शिरावयास विद्यार्थी असणें पुरेसें होतें. आयुष्यभर फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य हें सांगतो आहे, तेव्हां त्यांत थोडा पक्षपात असेल; पण फळ पाहावें. याच वर्गांत तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें कोटांत रॅम्पार्ट रोवर स्वतःचा स्टुडिओ थाटला, सुमारें वीस वर्षें तो चालविला, आणि १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. पुढें सार्वजनिक कार्यांत त्यांचें नांव मोठ्या वादांत सांपडलें, तो निराळा विषय. एका एतद्देशीय तरुणाला शाळेंत शिकलेल्या विद्येवर पॅरिसपर्यंत पोंचतां आलें, एवढें येथें पुरे. दुर्दैवानें तो वर्ग दीर्घायुषी ठरला नाहीं.

छापील पानाची सोयही याच काळांत झाली. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन या दोघांनीं १८५६ पासून १८५८ पर्यंत ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ नांवाचें मासिक मुंबईंत काढलें. त्या काळीं छायाचित्र छापखान्यांतून छापतां येत नसे. म्हणून प्रत्येक अंकांत खरीं छायाचित्रें हातानें चिकटविलेलीं असत. जॉन्सन यांनीं पुढें मुंबईंतील जातीजमातींचीं चित्रें दोन खंडांत, १८६३ व १८६६ मध्यें, प्रसिद्ध केलीं. तीं पाहिलीं म्हणजे मौज वाटते आणि थोडा विषादही वाटतो. त्यांतील माणसें नांवानें ओळखिलीं जात नाहींत, जातीनें ओळखिलीं जातात.

आतां कलकत्त्यांतील एक हकीकत सांगणें अवश्य आहे. तिच्यावांचून मुंबईची किंमत कळणार नाहीं. बंगालच्या छायाचित्रण संस्थेंत राजेंद्रलाल मित्र हे विद्वान गृहस्थ खजिनदार होते. १८५७ मध्यें त्यांनीं युरोपीय मळेवाल्यांच्या वर्तनावर जाहीर सभेंत कडक टीका केली. संस्थेचा आणि त्या भाषणाचा कांहीं एक संबंध नव्हता. तरी युरोपीय सभासद संतापले, मित्रांना संस्थेंतून काढण्यांत आलें, आणि त्यांच्यामागोमाग इतर हिंदी सभासदही बाहेर पडले. ज्या बैठकींत आपण दुसऱ्याच्या मर्जीनें बसलों आहों, तींतून मर्जी जातांच उठावें लागतें. मुंबईंत असा प्रसंग गुदरला नाहीं, याचें श्रेय येथील युरोपीयांच्या औदार्यास द्यावें कीं भाऊ दाजींसारख्यांच्या शहरांतील वजनास द्यावें? माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

यानंतरचा काळ स्टुडिओंचा. १८८० च्या सुमारास कोरड्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या आणि तंबू, पखाली यांचें प्रयोजन उरलें नाहीं. राजा दीनदयाळ यांनीं १८९६ मध्यें मुंबईंत स्टुडिओ उघडला. त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं, आणि तीं पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकारानें तसें यंत्र विलायतेहून मागविलें. १८९९ मध्यें त्यांनीं हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली, आणि १९०१ मध्यें रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्यांचें स्वागतही टिपलें. दादासाहेब फाळके यांचें उदाहरणही याच जातीचें आहे. बडोद्याच्या कलाभवनांत असतां तेथील प्राचार्य गज्जर यांनीं त्यांना छायाचित्रणाची खोली व ग्रंथसंग्रह वापरण्याची मुभा दिली. पुढें गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा केला, पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली, आणि १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला. एका खोलीची किल्ली योग्य हातांत पडली, त्याचा हा परिणाम.

चित्रकारांना १८८८ मध्यें बॉम्बे आर्ट सोसायटी मिळाली होती. केवळ छायाचित्रणाला वाहिलेलीं मंडळें पुन्हां जोमानें उभीं राहिलीं तीं गेल्या शतकाच्या चवथ्या दशकांत: ‘कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ १९३२ मध्यें, आणि ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ १९३७ मध्यें. यांच्या प्रदर्शनांना सलून म्हणत. दूरच्या गांवचा हौशी मनुष्यही आपलें चित्र टपालानें पाठवी. परीक्षक तें पाहात. पसंत पडल्यास भिंतीवर लागे, आणि परत येतांना पाठीवर प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटविलेली असे. अशा पांच-सात चिठ्ठ्या असलेलें चित्र मालक पुढून कमी आणि मागूनच अधिक दाखवीत असे! थट्टा सोडली तर ही पद्धत न्यायाची होती. परीक्षकाला अर्जदाराचें घराणें दिसत नसे, चित्रच दिसे. तिचा दोष एवढाच कीं धुक्यांतील झाड, नौकेचें शीड व वृद्धाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या यांना बक्षीस मिळे, आणि गिरणीच्या फाटकापाशीं रोज काय घडतें तें टिपणाऱ्याला तेथें फारसा वाव नसे.

त्याला वाव वर्तमानपत्रांनीं दिला, आणि येथें होमाई व्यारावाला यांचें नांव घेतलेंच पाहिजे. १९१३ मध्यें नवसारी येथें जन्मलेल्या या बाईंनीं जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेतलें. कॅमेरा मात्र त्या माणेकशा व्यारावाला यांजकडून शिकल्या. त्यांचीं पहिलीं चित्रें ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्यें छापलीं गेलीं, दर चित्रास एक रुपया याप्रमाणें. पुढें कांहीं काळ त्यांचें काम माणेकशांच्या नांवावर छापून येई; कारण बाईच्या नांवास बाजारांत किंमत नव्हती. १९४२ मध्यें त्या दिल्लीस गेल्या आणि स्वातंत्र्याचा सारा सोहळा त्यांनीं टिपला. पद्मविभूषण त्यांना २०११ मध्यें मिळालें. पुढच्याच वर्षीं त्या निवर्तल्या. शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत त्या सोहळ्यांचीं चित्रें मीं कित्येक वर्षें मुलांना दाखविलीं. चित्राखालीं पुढाऱ्यांचीं नांवें असत. चित्र घेणाऱ्याचें नांव नसे.

स्वातंत्र्यानंतर काळ्या घोड्यापाशीं १९५२ मध्यें जहांगीर कलादालन उघडलें, आणि शहरांतील कलावंतांना हक्काची भिंत मिळाली. मात्र तेथील मुख्य दालनासाठीं अर्ज केल्यावर कित्येक वर्षें वाट पाहावी लागते. त्याच परिसरांत १९९९ पासून काळा घोडा कलामहोत्सव भरूं लागला, आणि केवळ छायाचित्रणाचा असा ‘फोकस’ महोत्सव १९१३ च्या फाळक्यांनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१३ मध्यें, मुंबईंत सुरू झाला. भायखळ्याचें जुनें व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालय १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखिलें जातें. २००८ मध्यें त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला, आणि नंतरच्या वर्षांत तेथें छायाचित्रकारांचीं प्रदर्शनेंही भरलीं आहेत. राणीच्या बागेंत मुलांना घेऊन जाणाऱ्या श्रोत्यांनीं परततांना घटकाभर आंत डोकवावें. दरवाजा बागेच्या फाटकालगतच आहे.