देवाची वधू : कॅन्डोम्ब्लेतील देह आणि लिंगभाव

ब्राझीलमधील कॅन्डोम्ब्ले या धर्मात नव्याने दीक्षा घेणाऱ्यास ‘इयावो’ म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा लोकांच्या भाषेतला हा शब्द. त्याचा अर्थ वधू. दीक्षित पुरुष असला तरी तो वधूच. शांगो हा पुरुषदेव स्त्रीच्या देहातून नाचतो, ओशुन ही देवी पुरुषाच्या. मराठीत देव ‘अंगात येतो’, योरुबात तो माणसावर ‘स्वार होतो’. आणि स्वार कोण, हे घोड्याच्या लिंगावरून ठरत नाही.

१९३८ साली अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रूथ लँडेस बाइया प्रांतातील साल्व्हादोर शहरात गेल्या. मेनिनिन्या यांच्यासारख्या कृष्णवर्णीय पुरोहित स्त्रियांचा अधिकार पाहून त्यांनी ‘द सिटी ऑफ विमेन’ (१९४७) हा ग्रंथ लिहिला. हे पौरोहित्य परंपरेने स्त्रियांचेच, त्यात शिरणारे पुरुष बहुधा समलिंगी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आर्थर रामोस व मेलव्हिल हर्सकोवित्स यांनी त्यावर कठोर टीका केली.

‘वधू’ या शब्दाचा अर्थ मात्र आपण समजतो तितका सरळ नाही. ओयेरोंके ओयेवुमी यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, योरुबा सर्वनामांत लिंगभेद नाही; लग्न होऊन घरात आलेली स्त्री त्या घरी जन्मलेल्या सर्वांची, अगदी मुलींचीही, ‘इयावो’ असते. म्हणजे हा शब्द आधी ज्येष्ठ-कनिष्ठतेचा, मग लिंगाचा. कॅन्डोम्ब्लेतही सात वर्षांच्या विधीनंतर इयावो ‘एबोमी’, म्हणजे थोरले भावंड, होतो. उलट, नायजेरियात शांगोचे पुरुष पुजारी वधूसारखे केस गुंफतात याकडे लोरँड मॅटरी लक्ष वेधतात. वेणी काही केवळ कनिष्ठतेची खूण नव्हे. शिवाय कॅन्डोम्ब्लेत ढोल वाजवणे आणि बळी देणे ही कामे परंपरेने पुरुषांकडेच आहेत. तेव्हा लिंगभाव येथे नाहीसा होत नाही. तो देहापासून सुटा होऊन विधीनुसार वाटला जातो, असे आम्हांला वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांना यापुढचा भाग अधिक अस्वस्थ करील. २००५ मध्ये मॅटरी यांनी असे मांडले की, लँडेस यांच्या लेखनाने स्त्रीसत्तेचे केवळ वर्णन केले नाही, तर ती रूढ करण्यास हातभार लावला. आदर्श पुरोहित म्हणजे माता, हे चित्र विद्वानांनी आणि मग देवस्थानांनीही स्वीकारले, आणि पूर्वीच्या प्रतिष्ठित पुरुष पुरोहितांची आठवण मागे पडली. ज्या धर्मात स्वार देह पाहून घोडा निवडत नाही, त्याच्या इतिहासात पुरोहितांची निवड मात्र देह पाहूनच झाली.