फिरोजशहांच्या खुर्चीवर गोखले

निवडणुका झाल्या, की पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदारांचे सत्कार सुरू होतात. सत्कार संपले म्हणजे प्रश्न उरतो : सभागृहातल्या जुन्या, मुरलेल्या मंडळींशी यांनी वागायचे कसे? अशा वेळी मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात.

१८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले, तेव्हा ते जेमतेम तेहतिशीचे होते. पाठीशी बोल होता तो माफीचा. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांची हकीकत त्यांनी १८९७ मध्ये विलायतेत प्रसिद्ध केली. पण पुरावा उभा करता येईना, म्हणून परतल्यावर बिनशर्त माफी मागावी लागली. आपल्याच लोकांनी त्यांना भित्रे ठरवले. आता सभागृहात आणखी एक चूक परवडणारी नव्हती.

तिथे ज्येष्ठ होते फिरोजशहा मेहता. गोखल्यांहून एकवीस वर्षांनी वडील, आणि आवाज असा, की १८९५ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात पोलिस बिलावर ते बोलले तेव्हा अर्थमंत्री वेस्टलंड यांनी सभागृहात नवेच वारे शिरल्याची तक्रार केली! १९०१ च्या ऑगस्टमध्ये जमीन महसुलाचे बिल आले. दुष्काळात सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेता येईल, अशी त्यात तरतूद होती. विरोध फुकट गेला, तेव्हा फिरोजशहा उठून बाहेर पडले. पाठोपाठ गोखलेही. मोठ्यांच्या मागे उठून जाणे सोपे असते. पण गोखल्यांनी त्याआधी त्या बिलावर स्वतः अभ्यास करून भाषण केले होते, हे विसरू नये.

कलकत्त्याची जागा फिरोजशहा प्रकृतीमुळे सोडणार होते. ती मुंबई कायदेमंडळाच्या बिनसरकारी सभासदांनी भरायची, म्हणजे फिरोजशहांचा शब्द मोलाचा. गोखल्यांनी आडून कोणाकडून वशिला लावला नाही. त्यांनाच पत्र लिहिले, आणि १८९७ चा डाग आपल्याला धुऊन काढायचा आहे, हेही लपवले नाही. जागा मिळाली.

पण फिरोजशहांची गर्जना काही त्यांनी उचलली नाही. (ती त्यांना पेललीही नसती.) आकड्यांसाठी ते गेले गणेश व्यंकटेश जोशी यांच्याकडे. हे सरकारी शाळाखात्यातले हेडमास्तर. कुठल्याही सभागृहाचे सभासद नव्हेत, पण सरकारी जमाखर्च त्यांना तोंडपाठ. त्यांच्या टिपणांच्या आधारे २६ मार्च १९०२ रोजी गोखले बजेटवर उभे राहिले. सात कोटींच्या शिलकीबद्दल अर्थमंत्र्यांचे अभिनंदन चालले होते. त्यात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी व्हाइसरॉय कर्झन यांच्यासमोर शांतपणे सांगितले : लोक दुष्काळाने गांजले असताना तिजोरी फुगते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत.

पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. पण त्यानंतर बजेटच्या दिवशी ते काय बोलतात, याकडे सरकारी बाकांवरचेही कान देऊ लागले.