सदनिका-खरेदीचे करार, मध्यस्थी आणि १८७९ चा पूर्वानुभव

सदनिका-खरेदीच्या करारांतून उद्भवणारे वाद मध्यस्थीने मिटविण्याची व्यवस्था महाराष्ट्रात २०१८ साली महारेराच्या सलोखा मंचामुळे आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सदनिकांपुरते ते खरे आहे. तथापि असमान बळाच्या दोन पक्षांतील लेखी व्यवहारांत तडजोड घडविण्याचा प्रयोग या प्रदेशात त्यापूर्वी सुमारे १४० वर्षे झाला होता. प्रस्तुत लेखात या दोहोंचा संबंध तपासला आहे.

मे १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. जेथे तडजोडकार नेमले होते, तेथे त्यांच्या दाखल्याशिवाय शेतकऱ्याशी संबंधित दावा दिवाणी न्यायालयात चालत नसे. झालेल्या तडजोडीस पुढे हुकूमनाम्याचे बळ मिळू शके. अभ्यासकांचे लक्ष बहुधा याच तरतुदीकडे जाते. परंतु शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर व्हावा आणि न्यायालयाने कागदामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा, अशाही तरतुदी त्याच कायद्यात होत्या. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या अधिक मूलगामी होत. कागदच एकतर्फी असेल, तर मध्यस्थाने मिटवायचे काय?

शहरात सावकाराची जागा विकासकाने घेतली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण कागद एकाने लिहावा व दुसऱ्याने त्यावर केवळ सही करावी, ही विषमता तीच आहे. १९६३ च्या ‘मोफा’ कायद्याने तिच्यावरच बोट ठेवले. विक्री-किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच लेखी करार करून तो नोंदविण्याचे बंधन विकासकावर आले. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादा १० टक्क्यांवर आणली. २०१९ साली गुरुग्राममधील एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी करार-शर्तींना अनुचित व्यापारी प्रथा ठरविले, हे याच धारेतले पाऊल होय.

या पायावर २०१८ चा सलोखा मंच उभा राहिला. अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये ग्राहक व प्रवर्तक यांच्या संघटनांमार्फत सलोख्याची सोय करण्याचे सुचविले आहे. त्यानुसार ग्राहक संघटनेचा एक व विकासक संघटनेचा एक प्रतिनिधी एकत्र बसतात. १८७९ प्रमाणे येथे सक्ती नाही, दोन्ही पक्षांची संमती लागते. मात्र घासाघीस हवेत होत नाही. ताबा लांबल्यास स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरावर २ टक्के अधिक व्याज, हे महाराष्ट्राच्या नियमांतील प्रमाण दोघांनाही ठाऊक असते. तडजोड त्याच्या अलीकडे कोठे तरी होते. येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. गृहकर्जाचा हप्ता व घरभाडे एकाच वेळी भरणाऱ्या खरेदीदाराला कालहरण परवडत नाही, म्हणून व्याजातील वाटा बहुधा तोच सोडतो. त्यामुळे संमतिपत्रात ताब्याची नेमकी तारीख, रकमेचे हप्ते आणि कसूर झाल्यास काय, हे लिहिले जाणे त्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते. कारण तडजोड मोडल्यास तो पुन्हा प्राधिकरणाकडे जातो, तेव्हा त्याच्या हाती दाखविण्यासारखे असते ते हेच संमतिपत्र.